बिनपडद्याचा सर्व्हर: आधी आत जायची वाट, मग बाकी सगळं

बटण दाबलं, पंखा फिरला, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आणि पुढे काहीच नाही. समोर पडदा नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. पेटीतून दोनच वायरी बाहेर आल्यात, एक विजेची आणि एक नेटवर्कची. यंत्र नीट सुरू झालंय की मध्येच कुठेतरी अडकून बसलंय, हेही कळायला मार्ग नाही. युनिक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका जुन्या प्रणालीवर, चालणारा सर्व्हर पहिल्यांदा उभा करणाऱ्याला खरा घाम फुटतो तो इथे. त्यानंतरची कामं वेळखाऊ असतील, पण अवघड नाहीत.

छोटे स्वस्त बोर्ड (एका पाटीवर मावणारे संगणक) आणि भाड्याने मिळणारे आभासी सर्व्हर यांमुळे हा प्रसंग आता संगणकशास्त्र न शिकलेल्यांवरही येतो. स्वतःची वेबसाइट, घरातल्या फोटोंचा साठा, एखादा छोटा प्रयोग, काहीही निमित्त पुरतं. सूचनांच्या याद्या ढिगाने मिळतात. त्या याद्यांमध्ये एक गोष्ट सहसा नसते: कोणती पायरी आधी का, आणि क्रम चुकला तर नेमकं काय होतं.

बिनडोक नव्हे, बिनपडद्याचा

अशा यंत्राला 'हेडलेस' म्हणतात. शब्दशः भाषांतर केलं तर 'बिनडोक' होईल आणि तो त्या यंत्रावर अन्याय ठरेल. डोकं शाबूत असतं, नसतो तो चेहरा. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांच्या मागण्या ऐकून त्यांना उत्तरं देणारा संगणक. त्याच्यासमोर कोणी बसत नाही, म्हणून पडदा हा त्याच्यासाठी निव्वळ खर्च.

युनिक्सला हे नवं नाही. 1969 साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा आजच्यासारखा पडदा कोणासमोरच नव्हता. माणूस बसायचा टेलिटाइपपुढे. म्हणजे टाइपरायटरसारखं एक यंत्र, सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर ठोकणारं. संगणक दुसरीकडे, माणूस इकडे, मध्ये एक तार. आजही लिनक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या धर्तीवर बनलेल्या प्रणालीत, 'टीटीवाय' हा शब्द जागोजागी दिसतो, तो त्या टेलिटाइपचाच अवशेष. तेव्हा युनिक्स जन्मापासूनच लांबून बोलायला शिकलेला आहे. पडद्यावरची चित्रं आणि खिडक्या नंतर आल्या.

ती तार आता नेटवर्कची झाली आहे आणि तिच्यावरून बोलायच्या पद्धतीचं नाव एसएसएच. तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर टाइप करता, अक्षरं सांकेतिक होऊन तिकडे जातात, उत्तर तसंच परत येतं. 1995 मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ती लिहिली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारेजाणारे पासवर्ड टिपून घेतले होते, त्यावरून. त्याआधीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जायचा, वाटेतला कोणीही वाचू शके. एसएसएचने ते पोस्टकार्ड पाकिटात घातलं. आज बहुतेक ठिकाणी चालतं ते 1999 पासूनचं ओपनएसएसएच.

(कमांडची नावं या लेखात देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. युनिक्सला मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांत फरक कळतो, आणि तो त्याबाबत हट्टी आहे.)

पडदा काढण्याआधीची पाच मिनिटं

यंत्र हाताशी असेल, तर पहिल्या वेळी उसना पडदा आणि कीबोर्ड लावायला लाजू नका. दोन गोष्टी बघायच्या असतात. जुन्या संगणकांचं बायोस, म्हणजे चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, कीबोर्ड सापडला नाही की थांबायचं आणि सांगायचं: 'कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.' हा विनोद नाही, ही सूचना लाखो लोकांनी पाहिली आहे. ती तपासणी बंद करता येते. दुसरी गोष्ट, वीज जाऊन परत आली तर यंत्राने आपोआप सुरू व्हावं की बटण दाबायची वाट पाहावी, हेही तिथेच ठरतं. 'आपोआप' निवडा.

छोट्या बोर्डांच्या बाबतीत मेमरी कार्डावर प्रणाली उतरवतानाच वापरकर्त्याचं नाव, एसएसएच सुरू ठेवायचं की नाही आणि तुमची चावी (ती काय, ते पुढे येईल), हे सगळं भरून ठेवता येतं. रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डाच्या अधिकृत प्रणालीत पूर्वी 'पाय' हे नाव आणि ठरलेला पासवर्ड प्रत्येक कार्डावर सारखाच असे. 2016 मध्ये तिथे एसएसएच मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली आणि 2022 मध्ये ते ठरलेलं नावही गेलं. जुन्या मार्गदर्शिका वाचून 'लॉगिन होतच नाही' म्हणणारे बरेच जण याच बदलावर अडलेले असतात.

पण यंत्र आहे कुठे?

पत्ता माहीत नसेल तर पत्र टाकणार कुठे? नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरच्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कमध्ये तो बहुधा 192.168 किंवा 10 या आकड्यांनी सुरू होतो, आणि तो वाटतो राउटर. नवीन यंत्र आलं की राउटर त्याला एखादा मोकळा पत्ता देतो. म्हणून पेटीचा पत्ता पेटीला विचारायचाच नाही, राउटरला विचारायचा. त्याच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. यंत्र लावण्याआधीची यादी आणि नंतरची यादी, यांत जे नवं दिसेल ते तुमचं.

हा पत्ता भाडेकराराचा आहे, कायमचा नाही. महिन्याभराने तो बदलला तर तुम्ही रिकाम्या घराची कडी वाजवत बसाल. म्हणून राउटरमध्येच त्या यंत्राच्या नावे पत्ता राखून ठेवावा. सर्व्हरच्या आत पत्ता पक्का करता येतो, पण तिथे एक आकडा चुकला की यंत्र नेटवर्कवरून गायब, आणि चूक दुरुस्त करायला आत जायची वाटही त्याच्यासोबत गायब. राउटरमध्ये चूक झाली तर ती राउटरमध्ये बसून सुधारता येते. बिनपडद्याच्या यंत्राच्या बाबतीत हा विचार पुन्हापुन्हा करायचा असतो: ही चूक झाली, तर ती सुधारायला मी उभा कुठे राहणार?

भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता सेवा देणारी कंपनी सांगते, तिथे ही शोधाशोध नाही.

तो पहिला प्रश्न, ज्याला सगळे न वाचता 'हो' म्हणतात

एसएसएचने पहिल्यांदा जोडायला गेलात की पडद्यावर येतं: या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या चावीचा ठसा अमुक आहे, पुढे जायचं का? ठसा म्हणजे 'एसएचए256' आणि त्यापुढे 43 अक्षरांची एक अगम्य माळ. आपण काय करतो? 'येस' टाइप करतो. नुसतं 'वाय' चालत नाही, पूर्ण शब्द मागतात. सवयीने हात पुढे गेला तरी तेवढ्या दोन अक्षरांत माणूस थांबावा, असाच त्याचा परिणाम असायला हवा. होत नाही तो भाग वेगळा.

प्रश्नाचा अर्थ साधा आहे. फोनवर अनोळखी आवाज म्हणतो, 'मीच तुमचा सर्व्हर.' तुम्ही त्याला कधी भेटलेला नाहीत. खरा तोच कशावरून? एकदा 'येस' म्हटलं की तुमचा लॅपटॉप तो ठसा लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी गुपचूप ताडून पाहतो. म्हणजे सगळा विश्वास त्या पहिल्या भेटीवर उभा आहे. भाड्याच्या सर्व्हरचा ठसा बऱ्याचदा कंपनीच्या नियंत्रण पानावर किंवा सुरू होतानाच्या नोंदींमध्ये मिळतो. तिथून तो उचलायचा आणि 'येस'ऐवजी चक्क तोच ठसा उत्तरादाखल चिकटवायचा. जुळला तरच एसएसएच पुढे जातं. 43 अक्षरं डोळ्यांनी ताडत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि ही सोय आहे हे जुन्या लोकांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

सर्व्हर नव्याने उतरवला की ठसा बदलतो आणि एसएसएच मोठ्या अक्षरांत ओरडतं की यजमानाची, म्हणजे सर्व्हरची, ओळख बदलली आहे, कोणीतरी काहीतरी वाईट करत असू शकतं. तुम्ही स्वतःच प्रणाली नव्याने उतरवली असेल, तर घाबरायचं कारण नाही. जुना ठसा 'एसएसएच-कीजेन'च्या वजा मोठा आर या पर्यायाने पुसून टाकायचा. काहीच बदललेलं नसताना तो संदेश आला, तर मात्र हात आवरा.

'यंत्र माझं, मग रूट का नको?'

युनिक्समध्ये एक खातं सर्वाधिकारी असतं, त्याचं नाव रूट, क्रमांक शून्य. त्याला कोणी अडवत नाही. तेच त्याचं दुखणं आहे. रूटने 'सगळं पुसून टाक' म्हटलं तर प्रणाली 'खरंच का?' असं सहसा विचारत नाही, ती पुसते. ज्याची परवानगी मागायची नाही अशा खात्यात दिवसभर वावरणं म्हणजे उघडी करवत हातात घेऊन घरभर फिरण्यासारखं.

म्हणून स्वतःसाठी साधं खातं करायचं आणि गरज पडेल तेव्हाच कमांडच्या आधी 'सुडो' लिहायचं. तेवढ्या एका कामापुरते रूटचे अधिकार मिळतात, आणि कोणी काय केलं याची नोंदही राहते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात रूटचा पासवर्ड मुळातच बंद असतो. डेबियन या दुसऱ्या प्रकारात प्रणाली उतरवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला, तर पहिल्या वापरकर्त्याला आपोआप सुडो मिळतं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वेगळ्या शाखेवर सुडो वेगळं उतरवावं लागतं.

खरं कारण अजून एक आहे. 'रूट' हे नाव जगातल्या प्रत्येक युनिक्सवर सारखं असतं. दारावर धडका देणाऱ्याला नाव आणि पासवर्ड दोन्ही शोधायचे असतात. रूटला बाहेरून यायला मोकळीक ठेवली, तर त्याचं निम्मं काम तुम्हीच करून दिलं.

'माझ्या सर्व्हरकडे कोण कशाला बघेल?'

हा आक्षेप सगळे घेतात, मीही घेतला होता. उत्तर शब्दांत देण्यापेक्षा बघा. इंटरनेटवर नवा सर्व्हर उभा करा, चहा पिऊन या, आणि लॉगिनच्या नोंदी उघडा. डेबियनच्या घराण्यात 'जर्नलसीटीएल' कमांडने एसएसएचच्या नोंदी मागवता येतात. काहीशा अशा ओळी दिसतील:

फेल्ड पासवर्ड फॉर रूट
फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर अ‍ॅडमिन
फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर टेस्ट
फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर ओरॅकल

प्रत्येक ओळीपुढे कुठल्यातरी अनोळखी ठिकाणचा पत्ता. तुम्ही अजून कोणाला सांगितलंही नाही की तुमचा सर्व्हर आहे. यांना कळलं कसं? कळलेलं नाही. ते सगळ्यांच्याच दाराची कडी हलवून बघतात. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. एका साध्या यंत्रावरून, चांगल्या जोडणीवर, जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचं अख्खं इंटरनेट पाऊण तासाच्या आत एकदा चाचपता येतं. इतकं स्वस्त असताना कोणाचं घर फोडायचं हे निवडायची गरजच उरत नाही.

चोरायला काही नाही, हेही खरं नाही. तुमचा पत्ता आहे, वीज आहे, जोडणी आहे. 2016 मध्ये मिराय नावाच्या किड्याने कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवांवर मारा केला. त्याच्याकडे गुप्त विद्या कोणतीच नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांची यादी होती, बस्स.

'पण माझा पासवर्ड चांगला लांब आहे'

लांब असेलही. तरी दार ठोठावणारा थकत नाही, आणि प्रत्येक ठोठावण्याला सर्व्हरला उठून उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा पासवर्ड हा मार्गच बंद करून चावीने आत जाणं सोयीचं.

या चाव्या जोडीने बनतात, एक खासगी आणि एक सार्वजनिक. बँकेतली नमुना सही आठवा. बँकेकडे तुमच्या सहीचा नमुना असतो. दर वेळी तुम्ही नव्याने सही करता आणि ती नमुन्याशी ताडली जाते. सार्वजनिक चावी म्हणजे तो नमुना, तो सर्व्हरवर ठेवायचा. खासगी चावी म्हणजे सही करणारा तुमचा हात, तो तुमच्या लॅपटॉपबाहेर कधी जात नाही. बँकेपेक्षा इथे एक फायदा आहे: नमुना कितीही वेळ न्याहाळला तरी त्यावरून खोटी सही करता येत नाही. शिवाय दर वेळी सही नव्या मजकुरावर होते, त्यामुळे कालची सही चोरून आज उपयोग नाही.

'एसएसएच-कीजेन' चालवलं की जोडी तयार होते. प्रकार विचारला तर 'ईडी25519' घ्या. ओपनएसएसएचच्या 2023 पासूनच्या आवृत्त्या तोच आपोआप निवडतात. चावीला परवलीचं वाक्य जरूर लावा, म्हणजे लॅपटॉप गेला तरी चावी लगेच हाती लागत नाही. मग 'एसएसएच-कॉपी-आयडी' ही कमांड सार्वजनिक चावी सर्व्हरवर योग्य फाइलीत नेऊन ठेवते.

हाताने ठेवायला गेलात तर एक खोड लक्षात असू द्या. ती फाइल किंवा ती ज्यात आहे तो फोल्डर दुसऱ्या कोणाला बदलता येण्यासारखी असेल, तर सर्व्हर ती चावी सरळ नाकारतो. तुम्हाला मात्र कारण सांगत नाही, पुन्हा पासवर्ड मागत राहतो. कारण लिहिलेलं असतं सर्व्हरच्या नोंदींत. फोल्डरला 700 आणि फाइलीला 600 असे अधिकार दिले, म्हणजे मालकाशिवाय कोणालाच हात लावता येणार नाही असं केलं, की तक्रार मिटते. या एका गोष्टीवर लोकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

कुलूप लावताना आपण कुठल्या बाजूला आहोत?

आता एसएसएचच्या व्यवस्थेत दोन बदल करायचे: पासवर्डने येणं बंद, रूटने येणं बंद. 'एसएसएचडी कॉन्फिग' नावाच्या फाइलीत दोन ओळी. आणि इथेच बहुतेक जण स्वतःला बाहेर कोंडून घेतात.

माझी गोष्ट सांगतो. एका लांबच्या सर्व्हरवर मी फायरवॉल सुरू केली. फायरवॉल म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. सर्व्हरला क्रमांकाची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि कुठल्या दाराने कोणाला सोडायचं हे पहारेकरी बघतो. एसएसएचचं दार 22 क्रमांकाचं. मी पहारेकरी नेमला, 'कोणालाही आत सोडू नको' असं सांगितलं, आणि 22 क्रमांकाबद्दल सांगायचं राहिलं. यूएफडब्ल्यू नावाचं ते साधन विचारतंही, की चालू जोडण्या तुटू शकतात, पुढे जाऊ का? मी 'हो' म्हटलं. काहीच तुटलं नाही. माझी एसएसएचची खिडकी मजेत चालू होती, कारण आधीच आत असलेल्याला पहारेकरी हाकलत नाही. मी समाधानाने खिडकी बंद केली. परत जायला लागलो तर उत्तर नाही. पाच मिनिटं मी इंटरनेटलाच शिव्या दिल्या.

तेव्हापासून तीन सवयी लागल्या. पहिली, नियम आधी, पहारेकरी नंतर: 22 उघडं ठेवायचं सांगून मगच फायरवॉल सुरू. दुसरी, जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या नव्या खिडकीतून आत जाऊन बघायचं, आणि नवी आत पोचली तरच जुनी बंद. एसएसएचची सेवा पुन्हा सुरू केली तरी चालू असलेली खिडकी सहसा तुटत नाही, म्हणून हे जमतं. तिसरी, धोक्याचा बदल करण्याआधी एक घड्याळ लावायचं: दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद कर. सगळं ठीक निघालं तर ते रद्द करायचं, नाही निघालं तर दहा मिनिटं थांबायचं.

फाइल बदलल्यावर 'एसएसएचडी' ही कमांड लहान टी लावून चालवली तर ती व्याकरण तपासते. मोठा टी लावला तर प्रत्यक्षात लागू होणारे सगळे नियम छापते. हा मोठा टी फार कामाचा. कारण या फाइलीत एकच नियम दोनदा आला तर आधी वाचला गेलेला चालतो, नंतरचा नाही. उबुंटूसारख्या प्रणालींमध्ये मुख्य फाइलीच्या अगदी वरच दुसऱ्या फोल्डरातल्या फाइली ओढून घेतल्या जातात. भाड्याच्या कित्येक सर्व्हरांवर तिथे आधीपासूनच 'पासवर्ड चालेल' असं लिहून ठेवलेलं असतं. तुम्ही खाली 'चालणार नाही' लिहिता, खूश होता, आणि दार उघडंच राहतं.

एसएसएचचं दार 22 ऐवजी दुसऱ्या क्रमांकावर न्यावं का? नोंदीतला कचरा कमी होतो, एवढाच फायदा. ते कुलूप नव्हे, दारावरची पाटी काढणं झालं.

बाहेर कोंडलोच, तर?

म्हणून दुसरी वाट आधीच माहीत हवी. भाड्याच्या सर्व्हरला कंपनीच्या पानावर 'कन्सोल' मिळतो, म्हणजे आभासी पडदा आणि कीबोर्ड. तो नेटवर्कच्या नियमांवर अवलंबून नसतो. मोठ्या सर्व्हरमध्ये मुख्य यंत्रापासून वेगळा एक छोटा संगणक बसवलेला असतो, आयडीआरएसी, आयएलओ अशा नावांचा. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो. (तो इंटरनेटला थेट जोडू नये. मागच्या दाराला पुढच्यापेक्षा मोठं कुलूप लागतं.) छोट्या बोर्डांना सीरियल वायर जोडता येते, बहुधा सेकंदाला 1,15,200 बिट या वेगाने. ती तार म्हणजे अक्षरशः जुन्या टेलिटाइपची वारस.

कन्सोलवर पासवर्ड चालतो, एसएसएचवरून यायला तो बंद केला असला तरी. त्यामुळे स्वतःच्या खात्याला एक चांगला पासवर्ड असू द्या आणि तो कुठेतरी लिहून ठेवा. आणि गरज पडायच्या आधी एकदा त्या वाटेने जाऊन या.

अपडेट आपोआप व्हावेत का?

सुरक्षेचे अपडेट तरी आपोआप होऊ द्यावेत, असं माझं मत. 'अपडेटने काही मोडलं तर' ही भीती खरी आहे. पण न केलेल्या अपडेटमुळे मोडतं ते जास्त महाग पडतं, आणि कळतंही उशिरा.

नवीनातलं नवीन घेणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे, हेही तितकंच खरं. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने पाठपुरावा केला. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये एसएसएचमधून शिरण्याचं चोरदार दडवलेलं निघालं. ज्याने ते घातलं, त्याने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात मदत करत विश्वास कमावला होता. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या प्रणालींमध्येच पोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाहीत. सर्व्हरसाठी स्थिर किंवा दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या म्हणतात ते यासाठी. जरा जुनी, पण सुरक्षेची ठिगळं मिळत राहणारी.

बारीकसारीक

घड्याळ बघा. काही छोट्या बोर्डांना बॅटरीवरचं घड्याळच नसतं. वेळ चुकली की सुरक्षित वेबसाइटांची प्रमाणपत्रं खोटी ठरतात, आणि दोष भलत्यालाच दिला जातो. नेटवर्कवरून वेळ घेणारी सेवा सुरू असल्याची खात्री करा.

लांबलचक काम चालवताना टीमक्ससारखं साधन वापरा. नाहीतर तुमच्याकडची जोडणी तुटली की तिकडचं कामही मरतं. टीमक्समध्ये ते चालू राहतं, परत येऊन तिथूनच पुढे.

डिस्क भरली की सर्व्हर विचित्र वागतो, सरळ बंद पडत नाही. डिस्कवर किती जागा उरली हे दाखवणारी 'डीएफ' कमांड अधूनमधून चालवा. बॅकअपबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी घेत नाही. निदान 'ईटीसी' फोल्डरची प्रत तरी दुसरीकडे ठेवा, तुम्ही केलेले बहुतेक बदल तिथेच असतात.

शेवटी, वायरी काढा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. सगळं झालं, चाललंय, आता कशाला छेडायचं? पण हा सर्व्हर कधीतरी आपोआप पुन्हा सुरू होणारच आहे, वीज जाईल किंवा अपडेट येईल. तो अडकायचा असेल, तर आज अडकलेला बरा. आज तुम्ही त्याच्याशेजारी आहात.

अडकण्याची खास जागा म्हणजे 'एफएसटॅब' ही फाइल, सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी. त्यात जास्तीची बाहेरची डिस्क लिहिली आणि ती जोडलेली नसली, तर यंत्र साधारण दीड मिनिट वाट बघतं आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन कीबोर्डवरून कोणी काही सांगेल म्हणून बसून राहतं. कीबोर्ड आहेच कुठे? अशा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला की ती नसतानाही यंत्र पुढे जातं. पूर्ण डिस्क सांकेतिक केली असेल तर तीही सुरू होताना परवलीचं वाक्य मागत अडते. ते एसएसएचवरून देण्यासाठी वेगळी सोय करावी लागते, आणि पहिल्याच सर्व्हरवर तो घाट मी तरी घालणार नाही.

तर उसना पडदा काढा, कीबोर्ड काढा, माऊस काढा. लॅपटॉपवरून 'सुडो रीबूट' द्या. खिडकी तुटेल, ती तुटायलाच हवी. मग 'पिंग' सुरू करून ठेवा, म्हणजे सर्व्हरला दर सेकंदाला एक हाक. आधी काही हाका वाया जातील. वीस सेकंद, तीस सेकंद, थोडं जास्तही. हात बटणाकडे जाईल, जाऊ देऊ नका. मग एक ओळ येईल, तिच्यामागे दुसरी. आता एसएसएच टाइप करा. या वेळी ठशाचा प्रश्न येणार नाही, सर्व्हर पासवर्डही मागणार नाही, फार तर लॅपटॉप चावीचं परवलीचं वाक्य विचारेल.